पाच मिली पाणी

आधीच सांगून ठेवते, मी फटकळ बाई आहे. कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावते. दिवसभर 'तातडीचं' अशा लाल चिठ्ठ्या बघून बघून माझ्या जिभेलाही तीच सवय लागली आहे. त्यामुळे मी सासूबाईंवर काहीतरी लिहायला घेतलंय हे कळल्यावर नवऱ्याने घाबरून विचारलं, "चांगलं लिहिणार आहेस ना?" म्हटलं, खरं लिहिणार आहे, चांगलं की वाईट ते तू ठरव.

सासूबाई एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहाय्यक होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर नावं चिकटवायची, मुलांनी फोडलेली काच वेचायची आणि द्रावणं मोजून द्यायची. मुलं त्यांना पाठीमागे 'पिपेटबाई' म्हणत. पिपेट म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजायची काचेची बारीक नळी. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही. निवृत्त झाल्या तेव्हा शाळा त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होती. त्या म्हणाल्या, घड्याळ आहे माझ्याकडे, तिसऱ्या कपाटातली ती पाच मिलीची पिपेट द्या. मुख्याध्यापकांनी ती बिचारी नळी मखमलीच्या डबीत घालून, टाळ्या वाजवून दिली.

ती त्यांना हवी होती झाडांसाठी. आता झाडं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पानं, फुलं, फांद्या येतील. तसलं काही मनात आणू नका. आमच्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीत चहाच्या कपाएवढ्या चाळीस कुंड्या आहेत, आणि प्रत्येकीत एक खडा. दिसायला अगदी नदीकाठचा खडा. पण तो असतो जिवंत. दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, बस्स. वर्षभर एवढाच संसार. वर्षातून एकदा त्या चिरेच्या आत नवी जोडी तयार होते. जुनी पानं आपल्यातलं सगळं पाणी तिला देऊन टाकतात आणि कागदासारखी सुकून बाजूला होतात. जुनी दोन गेली, नवी दोन आली, म्हणजे वाढ म्हणाल तर शून्य. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला चार वर्षं. नवरा त्यांना 'आईचे दगड' म्हणतो, आणि तेवढ्यात आमच्या मुलीची शाळा संपून कॉलेज सुरू होतं, असंही म्हणतो.

सासूबाईंना आणखी एक खोड होती. प्रत्येक झाडाभोवती त्या त्याच्याच रंगाचे खरे खडे मांडून ठेवत. त्यासाठी रंगवार लावलेले खड्यांचे डबे होते. घरी कुणी आलं की एक कुंडी पुढे करून विचारायच्या, "यातलं जिवंत कुठलं?" पाहुणे बरेचदा बरोबर सांगत. मी चोवीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही. माझं बोट हमखास दगडावर. "डोळे आहेत की बटणं?" एवढंच त्या म्हणत, आणि कुंडी परत जागेवर.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या दहा दिवस बहिणीकडे गेल्या. जाताना मला खिडकीपाशी उभं करून म्हणाल्या, "यांना काही करायचं नाही." मी म्हटलं, "बरं, आई." त्या म्हणाल्या, "काहीही करायचं नाही, असं म्हणाले मी."

मी नवी सून, उत्साह उतू चाललेला. चौथ्या दिवशी बघते तर झाडं सुरकुतलेली, खाली बसलेली. सासूबाई परत येऊन काय म्हणतील? मी प्रत्येकाला अर्धा पेला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. त्या परत आल्या तोवर अकरा झाडं आतून लिबलिबीत होऊन गेली होती.

त्यांनी एक उचलून चिमटीत धरलं, तर बोटांवरून पाणी ओघळलं. मी उत्तरं तयार ठेवून उभी होते. माहेरहून भांडणाची चांगली तालीम करून आले होते मी.

"पाणी घातलंस?"

"सुकली होती हो, आई."

"सुकली नव्हती गं. कामात होती." त्यांनी ते मेलेलं झाड हळूच कागदावर ठेवलं. "आतल्या नव्याला पाजत होती. तेव्हा बाहेरून पाणी मिळालं की जुनी पानं सुटतच नाहीत, आणि नवं आत गुदमरतं."

संपलं. इतकंच. माझी सगळी उत्तरं फुकट गेली. संध्याकाळी त्यांनी एका पसरट ताटलीत वाळू आणि माती चाळून घेतली, त्यावर मीठ भुरभुरावं तसं चिमूटभर बी टाकलं आणि ताटली माझ्या खोलीत आणून ठेवली. "हे तुझं. याची काळजी मी घेईन, तू नुसती बघ." मला ती शिक्षा वाटली. मैत्रिणीला फोन करून मी सांगितलंसुद्धा, की माझी सासू मला माती बघायला लावते.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्यावर मी फार लिहिणार नाही. पण घरी आल्यावर जो तो मला काहीतरी द्यायला बघत होता. नणंद धीर द्यायची, आई सल्ले द्यायची, शेजारीण उदाहरणं द्यायची, अमकीला नंतर जुळे झाले म्हणून. नवरा तर दर दहा मिनिटांनी दारात, "काही हवंय का?" मला हवं होतं ते कुणाकडे नव्हतं, आणि सगळ्यांचं ऐकून ऐकून मी नाकातोंडात पाणी गेल्यासारखी झाले होते.

सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. रोज चार वाजता शाळेतून येत, माझ्या खोलीत खुर्ची घेऊन बसत आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने रिकाम्या कुंड्या घासत. खसखस, खसखस. एक तास. उठताना ताटलीवर औषधाच्या ड्रॉपरने चार थेंब टाकत आणि जात. दीड महिना हे चाललं. एके दिवशी त्या आवाजाला वैतागून की काय, मीच बोलले. कितीतरी दिवसांनी माझाच आवाज मला ऐकू आला.

"हे उगवणार कधी, आई?"

"उगवलंय की," त्या म्हणाल्या, "भिंग घे."

भिंगातून बघितलं. मोहरीहून लहान, हिरवे, गोल दाणे. दोनशे तरी असतील. मी ताटली मांडीवर घेऊन रडले, जे दवाखान्यातही रडले नव्हते. सासूबाई कुंड्या घासत राहिल्या. माझा त्यांच्यावर माझ्या आईपेक्षा जास्त जीव जडला तो त्या दिवशी. आईला हे सांगू नका.

म्हणजे तुम्हाला कळलं असेल, आमच्याकडे माया कशी मिळायची ते. मोजून. आठवड्यातून एकदा, पाच मिली. पुढे मुलगी झाली, वाढली, परगावी शिकायला गेली. मी दोनदा नोकरी सोडली आणि तिसऱ्यांदा धरली. सासरे गेले. या सगळ्यात सासूबाईंनी मला कधी जवळ घेतलं नाही, कधी 'जेवलीस का' असंही विचारलं नाही. भूक लागली की माणूस जेवतो, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी विचारावं असं मला अधूनमधून वाटायचं. पण मी मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी खिडकीत कुजका वास आला.

तीन झाडं एकदम गेलेली. मी नवऱ्यावर खेकसले, कारण घरात दुसरा संशयित नव्हता. "पाणी घातलंस ना तू?" तो म्हणाला, "मला त्यातलं झाड कुठलं तेही कळत नाही, पाणी कुठे घालू?" मुद्दा बरोबर होता. मी रविवारी घरात बसून पाळत ठेवली. सकाळी आठ वाजता सासूबाई नळी घेऊन आल्या आणि सगळ्या कुंड्यांना पाणी दिलं. अकरा वाजता पुन्हा आल्या. चार वाजता पुन्हा, आणि दर वेळी तोच शांत चेहरा, आठवड्याचं पाणी आज द्यायचं आहे असा.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "जेवलीस का गं?" चोवीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "हो, आई." दहा मिनिटांनी त्या परत आल्या. "जेवलीस का?" आणि मग परत एकदा.

डॉक्टरांनी तपासलं, आजाराचं नाव सांगितलं. आजचं आज विसरायचं, मग कालचं, मग सगळंच हळूहळू मागे जात राहायचं, असा तो आजार. औषध आहे म्हणाले, पण नुसतं वेग कमी करणारं. आणि एक बजावलं, "त्यांचं जे रोजचं काम आहे ना, ते थांबवू नका. त्याला धरूनच त्या उभ्या आहेत."

रोजचं काम म्हणजे पाणी, आणि पाण्यानेच तर झाडं मरत होती.

झाडं मेली असती तर मी एकवेळ सोसलं असतं. पण ते मेलेलं सापडायचं त्यांनाच. चिमटीत धरून त्या ओळखायच्या. ते ओळखणं कुठेही गेलं नव्हतं. "कुणी घातलं पाणी?" माझ्याकडे बघायच्या, मग हातातल्या नळीकडे बघायच्या, आणि त्यांना कळायचं. "मीच मारलं गं." लहान मुलासारख्या रडायच्या. अर्ध्या तासाने विसरायच्या, पुन्हा खिडकीशी जायच्या, पुन्हा तेच झाड सापडायचं, पुन्हा पहिल्यापासून रडणं. एका झाडासाठी एका दिवसात चार वेळा. मी मेलेली उचलून फेकू लागले, तर रिकामी कुंडी बघून, "हे कुठे गेलं?" नळी लपवली, तर दिवसभर सगळी कपाटं उपसत फिरल्या आणि रात्री जेवल्या नाहीत.

आणि माझा स्वभाव तर तुम्हाला सांगितलाच आहे. एकदा पाचव्यांदा 'जेवलीस का' आलं तेव्हा मी ओरडले, "जेवले हो! किती वेळा सांगू?" त्या दचकल्या. "बरं, बरं," म्हणाल्या, आणि आपलीच चूक झाल्यासारख्या भिंतीच्या कडेने आपल्या खोलीत गेल्या. ते भिंतीच्या कडेने जाणं मला अजून दिसतं.

चाळीसातली एकोणतीस उरली तेव्हा मी काय करायचं ते ठरवलं. नवरा त्यांना तपासणीला घेऊन गेला होता. माझ्या हाती दोन तास. मी खड्यांचे सगळे डबे काढले आणि कामाला लागले. झाड चमच्याने मातीसकट उचलायचं, मोठ्या ट्रेमध्ये लावायचं, आणि कुंडीत त्याच्या जागी त्याच रंगाचा, तसाच फुगीर खडा बसवायचा. रिकाम्या अकरा कुंड्यांतही खडे. पार्सलं लावण्याचा हात असल्यामुळे काम झटझट झालं. शेवटची कुंडी जागेवर ठेवली आणि खाली रिक्षा थांबली. ट्रे मी गच्चीवर नेला, टाकीच्या आडोशाला, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून.

नवरा म्हणाला, "तू आईला फसवतेस?"

म्हटलं, "हो. तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग."

चार वाजता सासूबाई नळी घेऊन आल्या. मी दाराआड उभी. त्या पहिल्या कुंडीवर वाकल्या, बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, पकडले गेले. पण त्यांनी नळी भरली, पाच मिली सोडलं आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.

त्यानंतर घरात शांतता आली. पाणी कुंडीतून खालच्या ताटलीत, ताटलीतून माझ्या बादलीत. मरणारं काही नाही, म्हणून रडणंही नाही. महिन्याभरात त्या माझं नाव विसरल्या. मला 'मॅडम' म्हणू लागल्या आणि विचारू लागल्या, आज कुठल्या वर्गाचं प्रॅक्टिकल आहे म्हणून. मी 'नववीचं' सांगायचे. "मग काच सांभाळा," त्या म्हणत. नाव गेलं तरी 'जेवलात का' मात्र राहिलं, फक्त मॅडमला शोभेल असं अहोजाहो झालं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन मी माझी एकोणतीस बघायचे. पाणी घालत नव्हते, त्यांचा कामात असण्याचा काळ होता. नुसतं ऊन वर आलं की झाकायचे, कललं की उघडायचे. सासूबाईंचं अखेर एक तरी नीट शिकले म्हणून स्वतःवर खूशही होते.

असे पाच महिने गेले. मागच्या बुधवारी मला सुट्टी होती. दोनला जेवले, आणि चारला खिडकीजवळ मटार सोलत बसले. सासूबाईंचं काम चाललं होतं. एक कुंडी, दुसरी, तिसरी. दुसऱ्या ओळीत सहावीला पाणी दिलं, आठवीला दिलं. मधली सातवी सुटली.

"आई, एक राहिली."

"नाही राहिली."

मी सातव्या कुंडीत बोट घातलं. माती ठणठणीत कोरडी. आजची नव्हे, कितीतरी दिवसांची कोरडी. बाकीच्या एकोणचाळीस चिंब. "ही बघा ना, कोरडी आहे," म्हणत मी पेल्यातलं पाणी घालायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"त्याला नको. ते कामात आहे."

मी वाकून बघितलं. मग चष्मा लावून बघितलं. मी बसवलेला खडा एका बाजूला होता. आणि त्याच्या शेजारी, ज्याला मी भोवतीचा खडा समजून तसाच सोडला होता, त्याला चीर होती. वरची साल कागदासारखी सुकून फाटली होती आणि आतून नखाएवढी, करड्या-हिरव्या रंगाची कोवळी जोडी वर आली होती.

मी तीन जिने धावत गच्चीवर गेले. ट्रेमधलं एकेक झाड बोटाने दाबून पाहिलं. अठ्ठावीस दबली. एकोणतिसावं दबेना. उपटून काढलं, तर खाली ना मूळ ना काही. पाच महिने मी एका दगडाला उन्हापासून जपत होते. तो दगड हातात घेऊन टाकीपाशी मी एकटीच हसत सुटले, आणि मग नुसतं हसणं राहिलं नाही.

खाली आले तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर होत्या. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आई, बाकीच्या कुंड्यांत काय आहे?"

"दगड," त्या म्हणाल्या. पुस्तक न वाचता वर्गात आलेल्या मुलीला सांगावं, तशा.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला नाही. कधीपासून, असं त्यांच्याकडे आता काही उरलेलं नाही.

"मग दगडांना पाणी कशाला घालता?"

त्यांनी नळी भरली. रेघेपर्यंत, डोळ्यांसमोर धरून, एकतीस वर्षं भरत आल्या तशी. ती एका कुंडीत सोडली. मग पुन्हा भरून त्याच कुंडीत सोडली, आणि पुन्हा एकदा.

"जन्मभर मोजूनच दिलं मॅडम," त्या म्हणाल्या. "जास्त दिलं की मरतं ना, म्हणून हात आखडता घ्यायचा. यांना काय, कितीही द्या. यांना काही होत नाही."

ताटली भरून पाणी खिडकीच्या कठड्यावर आलं, तिथून माझ्या पायावर. मी फडकं आणायला हलले नाही. त्यांनी नळी मखमलीच्या डबीत ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. सातव्या कुंडीकडे बघत होत्या ना, अगदी तसं.

"जेवलीस का गं?" मॅडम नाही. गं.

दोन वेळा सांगून झालं होतं दुपारपासून, जेवले म्हणून.

"नाही, आई," मी म्हटलं. "वाढता का?"

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. लगबगीने आत गेल्या, ताट घेतलं, दुपारचं होतं नव्हतं ते सगळं वाढलं, आणि समोर स्टुलावर बसून राहिल्या. मी घास संपवला की त्या वाढायच्या. मी नको म्हटलं नाही. भरल्या पोटावर सगळं जेवले, आणि तासाभराने त्यांनी विचारलं तेव्हा पुन्हा ताट घेऊन बसले. मला काही होत नाही.